यंत्र बंद आहे, हे कोणी सांगायचं?

(कणकवली येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



२२ मे २०१० च्या सकाळी सहाच्या सुमारास दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान मंगळूरची धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. विमानातल्या १६६ जणांपैकी १५८ गेले, आठ वाचले. आपल्याच किनाऱ्यावरची, थोडी दक्षिणेकडची ही घटना. कॅप्टन बराच वेळ झोपलेले होते, विमान फार उंचावरून उतरायला आलं, सहवैमानिकानं पुन्हा वर चला असं सांगूनही ते ऐकलं गेलं नाही, एवढं बहुतेकांना आठवत असेल. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी न्यायालयानं मुख्य ठपकाही तिथेच ठेवला. पण त्याच अहवालात, अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये, मंगळूरच्या रडारचाही उल्लेख आहे. ते २० मेपासून बंद होतं. रडारवर विमान दिसत नाही, म्हणजे दोन विमानांमधलं अंतर कागदावरच्या हिशेबानं राखावं लागतं. म्हणून नियंत्रकानं या विमानाला नेहमीपेक्षा उशिरा, विमानतळ जवळ आल्यावर खाली यायला सांगितलं. कमी अंतरात तेवढीच उंची उतरवायची होती. वैमानिकांनी त्याचा हिशेब नीट केला नाही आणि विमान उंचच राहिलं.

हा बिघाड रीतसर जाहीर झालेला होता, हे लक्षात घ्या. मग ज्या बिघाडाची कोणाला खबरच नाही, तो काय करील? आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी ही यंत्रं कोणती, ते थोडक्यात सांगतो. विमानाला दिशा दाखवणारं व्हीओआर, अंतर सांगणारं डीएमई आणि ढगांतून थेट धावपट्टीपर्यंत आणणारी आयएलएस. आयएलएसचे दोन भाग असतात. लोकलायझर डावं-उजवं सांगतो आणि ग्लाइड स्लोप वर-खाली. जगभर साधारण तीन अंशांचा उतार धरतात. ग्लाइड स्लोपचा अँटेना धावपट्टीच्या कडेला उभा असतो. तो दोन वेगळे सूर पाठवतो. विमान उताराच्या वर असेल तर एक सूर जोरात, खाली असेल तर दुसरा, आणि बरोबर उतारावर असेल तर दोन्ही सारखे. विमानातला काटा या दोन सुरांमधला फरक दाखवतो. फरक शून्य, म्हणजे काटा मध्यावर.

यातच एक भयंकर शक्यता दडलेली आहे. फरक दाखवणारा भागच प्रक्षेपित झाला नाही, तरी फरक शून्यच येतो. काटा मध्यावरच राहतो. विमान कुठेही असो, काटा म्हणतो, सगळं ठीक आहे.

२९ जुलै २००० च्या रात्री सामोआतल्या फालेओलो विमानतळावर हेच घडलं. एअर न्यूझीलंडचं एनझेड ६० हे बोइंग ७६७ विमान १७६ माणसांना घेऊन उतरत होतं. ग्लाइड स्लोपचा काटा सुरुवातीपासून मध्यावर. धोक्याची खूण करणारा झेंडा नाही, इशारा नाही. खाली समुद्र, रात्र काळी. पण डीएमईवरचं अंतर आणि विमानाची उंची यांचा मेळ बसेना, बेटावरचे दिवे जिथे दिसायला हवेत तिथे दिसेनात. वैमानिकांनी पूर्ण शक्ती लावून विमान वर घेतलं, तेव्हा ते पाण्यापासून सुमारे ४०० फुटांवर होतं आणि धावपट्टी जवळजवळ सहा मैल लांब होती. दुसऱ्या खेपेला ग्लाइड स्लोपवर विसंबून न राहता त्यांनी विमान सुखरूप उतरवलं.

चौकशीत काय निघालं? अशा प्रत्येक यंत्राजवळ एक राखणदार असतो. संदेश बिघडला की काही सेकंदांत ते यंत्र बंद करणं एवढंच त्याचं काम. ग्लाइड स्लोपच्या प्रक्षेपकाची ही राखण वगळून ठेवलेली होती आणि तो तसाच चालू राहिला होता. टॉवरमध्ये त्याची स्थिती दाखवणारी केबल खोदकामात तुटलेली, त्यामुळे नियंत्रकासमोरही काही नव्हतं. यंत्र चुकीचं बोलत होतं, त्याचा राखणदार मुका केलेला होता आणि राखणदार मुका आहे हे टॉवरपर्यंत पोहोचत नव्हतं. या तिन्हींत एकाही माणसाचा वाईट हेतू नव्हता, म्हणूनच मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं.

वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात जे खडक आहेत, त्यांवर दीपगृह आहे. ते एखाद्या रात्री विझलं तर खलाशी सावध होतो, होडी लांब ठेवतो. पण त्याच दिव्याची लय बदलली आणि तो दुसऱ्याच दीपगृहासारखा लुकलुकू लागला, तर जाणता खलाशीही फसेल. म्हणून विमानशास्त्रात एक जुनी आणि शहाणी रीत आहे. प्रत्येक यंत्र मोर्समध्ये आपली अक्षरं सतत पाठवत असतं. दुरुस्तीचं काम सुरू असलं की ती अक्षरं काढून घेतात. अक्षरं ऐकू आली नाहीत, तर काटा काहीही दाखवो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. सामोआचा धडा याहून कडक आहे. ओळख पटल्यावरही अंतर आणि उंची स्वतः ताडून पाहा.

सामोआच्या घटनेच्या तीन वर्षं आधी, ६ ऑगस्ट १९९७ ला, गुआम बेटावर कोरियन एअरचं जंबो जेट टेकडीवर आदळलं. २५४ पैकी २२८ जण गेले. तिथला ग्लाइड स्लोप बंद होता आणि ते जाहीर झालेलं होतं. वैमानिकांना ठाऊक होतं, तरीही शेवटच्या मिनिटांत तो चालू आहे की काय याबद्दल त्यांच्यात घोटाळा झाला. पण तिथे दुसरंही काही बंद होतं. विमान जमिनीच्या फार जवळ आलं की नियंत्रकाला सावध करणारी संगणकीय व्यवस्था खोटे इशारे फार देते, म्हणून तिला ५४ सागरी मैलांच्या परिघात गप्प करून ठेवलं होतं. वैमानिकाला त्याचा पत्ता नव्हता. एकाच रात्री, एकाच जागी, एक बिघाड सांगितलेला आणि एक गप्प. ती व्यवस्था चालू असती तर नियंत्रकाला विमानाला सावध करता आलं असतं, असं तपासयंत्रणेचं मत पडलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ७ जुलै १९६२ ला मुंबईला येणारं अलितालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९४ जण गेले. मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली, अशा समजुतीनं ते लवकर खाली उतरलं होतं. उपलब्ध साधनांनी स्वतःची जागा पडताळली नाही, असं चौकशीत नोंदलं गेलं. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही माणूस चुकतो. पण म्हणून यंत्राच्या बिघाडाबद्दल गप्प राहण्याची सवलत कोणाला मिळत नाही.

बिघाडाची सूचना ज्या पत्रकातून जाते त्याला 'नोटाम' म्हणतात. ती काढली की काम संपलं, असं समजणं हाही एक धोका आहे. जुलै २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान रांगेत उभ्या असलेल्या विमानांवर उतरता उतरता थोडक्यात वाचलं. शेजारची धावपट्टी बंद असल्याची सूचना वैमानिकांना दिलेली होती, पण २७ पानांच्या गठ्ठ्यात आठव्या पानावर. कवडीमोल सूचनांच्या ढिगात जीव वाचवणारी सूचना पुरून टाकली, तर ती दिली असं मी तरी म्हणणार नाही.

आता घरचं बघू. गेली काही वर्षं सगळा भर उपग्रहांवर आहे. आपली 'गगन' ही व्यवस्था इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभी केली. एप्रिल २०२२ मध्ये किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान तिच्या आधारानं उतरलं. लहान विमानतळांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण धावपट्टीजवळ महागडं यंत्र न बसवताही विमान अचूक उतरू शकतं. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळ विमानांना खोटे जीपीएस संदेश मिळू लागले. नेमक्या त्याच काळात मुख्य धावपट्टीची आयएलएस सुधारणेच्या कामासाठी काढलेली होती, म्हणून विमानं जीपीएसवर विसंबून होती. काही विमानं जयपूरला वळवावी लागली. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) असा गोंधळ दिसला की दहा मिनिटांत कळवणं बंधनकारक केलं, आणि जमिनीवरच्या जुन्या यंत्रांचं किमान जाळं राखणार असल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. हे दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. आकाशातला संदेश खोटा ठरेल त्या दिवशी जमिनीवरचं यंत्र खरं बोलायला हवं. आणि ते आजारी असेल, तर तेही दहा मिनिटांतच कळायला हवं.

कळवणारा असतो विमानतळावरचा इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. रात्री दोन वाजता, पावसात, प्रक्षेपकाच्या खोलीत तो एकटा उभा असतो. बिघाड येतो-जातो स्वरूपाचा असेल तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, 'बंद' असं लिहून विमानं वळवायला लावायची आणि सकाळी वरच्यांना उत्तर द्यायचं. दुसरी, पहाटेपर्यंत सुधारेल अशी आशा धरायची. खरं लिहिणाऱ्याला त्रास होणार नाही, अशी व्यवस्था असेल तरच तो पहिली वाट धरील.

इथे आपलाही संबंध येतो. ९ ऑक्टोबर २०२१ ला आपल्या जिल्ह्यात चिपीचं विमानतळ सुरू झालं, पुढे शेजारच्या गोव्यात मोपाही झालं. आपल्या जिल्ह्यातले चाकरमानी आता विमानानं गणपतीला येतात. परुळ्याच्या सड्यावर पावसाळी ढग टेकले की विमान रद्द होतं आणि काउंटरवरच्या मुलीला आपण वाटेल ते बोलतो. त्या आवाजाचं दडपण तंत्रज्ञाच्या वहीपर्यंत पोहोचतं. आपण आपल्या लोकप्रतिनिधींना चिपीला विमानं वाढवा असं सांगतो, ते सांगितलंच पाहिजे. सोबत हेही विचारा, की आपण जिथून उडतो त्या विमानतळांवरची मार्गदर्शक यंत्रं गेल्या वर्षी किती तास बंद होती, बिघाड झाल्यापासून सूचना निघेपर्यंत किती वेळ गेला, आणि उड्डाण करून त्यांची तपासणी शेवटची कधी झाली. हे आकडे दरवर्षी मराठीत, विमानतळाच्या दारावर लावले जावेत, अशी मागणी कणकवलीतून जावी असं मला वाटतं. अर्जाचा मसुदा मी आणला आहे. सह्यांचा कागद मागच्या टेबलावर ठेवला आहे.