फोन भरत नाही, दोष कोणाचा?



आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण संघटनेच्या कामात झाले. तेव्हा आजचा विषय आम्ही विद्वान म्हणून नव्हे, तक्रारी ऐकणारे कार्यकर्ते म्हणून मांडीत आहोत.

मार्च २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी सरकारी फोन परत केले, हे आपणांस स्मरत असेल. फोन अडतात, तापतात आणि दुरुस्तीचा भुर्दंड आमच्यावर पडतो, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे एका बैठकीत मानोरा तालुक्यातील एक भगिनी म्हणाल्या, “भाऊ, रातभर लावला तरी फोन अर्धाच भरते. नोंद राह्यली का बोलणे मलेच खा लागते.”

आम्ही चौकशी केली. चार्जर बिघडला होता, म्हणून त्या मुलाच्या संगणकाला वायर लावीत. येथेच ग्यानबाची मेख होती! यूएसबीचा दाब ५ व्होल्ट खरा. पण संगणकाची जुन्या धर्तीची खाच नियमाने ५०० मिलिअँपियरच देते, म्हणजे अडीच वॅट. ५००० मिलिअँपियर-तासांची बॅटरी भरावयास त्या गतीने आठ-दहा तास सहज लागतात. मध्ये वीज गेली की काम अर्धेच.

फोन आधी समोर कोण आहे ते पाहतो. साध्या चार्जरात माहितीच्या दोन तारा एकमेकींस जोडलेल्या असतात. त्या खुणेवरून चार्जर ओळखून फोन दीड अँपियरपर्यंत घेऊ शकतो. काही स्वस्त वायरींत त्या ताराच नसतात. मग ओळख पटत नाही आणि फोन थोडक्यावर भागवितो. वाटाघाट झाली नाही की किमान दरावर राबावे लागते, हे कामगारांस आम्ही काय सांगावे?

दुसरी गोष्ट वायरीची. लांब, बारीक वायरीचा जाण्यायेण्याचा अवरोध अर्धा ओहम धरला, तर २ अँपियरला १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. ५ चे ४ उरतात. पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यास पाणी का पोचत नाही, हे आपण जाणताच.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. प्रथम आखूड, जाड वायर लावून पाहा. मग भिंतीतला चांगला चार्जर वापरा. मग फोन बंद करून खाचेतील धूळ कोरड्या लाकडी काडीने हलकेच काढा. एवढे करूनही भरला नाही, तरच फोनला दोष द्या.

त्या भगिनीचा फोन दुसऱ्या चार्जरवर व्यवस्थित भरला. पण तो चार्जर त्यांनी स्वतःच्या मानधनातून घेतला, याची आम्हांस खंत आहे. हजेरी फोनवर, अहवाल फोनवर, मग फोन हे कामाचे हत्यारच झाले. हत्याराबरोबर त्याचा चार्जर आणि वायरही काम देणाऱ्यानेच पुरविली पाहिजे. आणि नोंद राहिली, तर बाईला बोल लावण्याआधी वायर तपासली पाहिजे.