शंखातला पाहुणा



कोकणच्या सहलीहून माझ्या नातवाने शंखात राहणारे दोन खेकडे आणले. जमिनीवर राहणाऱ्या जातीचे. त्यांच्यासाठी काय करावे लागते, ते सांगते.

या जिवाचे पोट मऊ असते, म्हणून तो समुद्री गोगलगाईच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो. अंग वाढले की बिऱ्हाड बदलतो. जवळ मोठे, न रंगवलेले शंख ठेवावेत. त्याचा श्वास ओल्या कल्ल्यांवर चालतो. परंड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात भांडे सुकले तर तो गुदमरतो. खाली ओलसर वाळू खोल असावी. कात टाकताना तो तीत गाडून घेतो. मेला समजून उकरू नये. एका वाटीत गोडे पाणी, दुसरीत समुद्राचे ठेवावे. स्वयंपाकाच्या मिठाचे चालत नाही.

नीट जपल्यास तो १० वर्षांहून अधिक जगतो. तेवढी वर्षे समुद्राचे पाणी इथे कोण पुरवणार? त्याची पिल्ले समुद्रातच वाढतात. म्हणून बरणीतला जवळजवळ प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरूनच उचललेला असतो.

तेव्हा भगिनींनो, मुलांना तो किनाऱ्यावरच मनसोक्त पाहू द्या. रिकामा शंखही तिथेच राहू द्या. कुणाचे तरी ते उद्याचे घर आहे.