घराची ठेवण



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "घर सजवायचे तर सुताराला बोलवावे, वक्ता कशाला?" प्रश्न रास्त होता. पण सुतार आल्याबरोबर विचारतो, "काय पाहिजे?" आणि तिथेच आपली वाचा बसते. मग आपण मोबाइल काढून कुठल्यातरी दूरदेशीच्या घराचे चित्र त्याच्यापुढे धरतो आणि म्हणतो, "असे करा."

आम्हीही तेच केले. नवे घर बांधले, पुढच्या खोलीत मखमली कोच आणला, भिंतीला काचेचे कपाट लावले आणि पश्चिमेला भली मोठी काचेची खिडकी ठेवली. वैशाखात आपल्या भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हे आम्हांला जन्मापासून ठाऊक; परंतु चित्र पाहताना त्याचा विसर पडला. कोचाला पाठ टेकवेना. दुपार झाली की सगळे घर मागच्या सपरीत, फरशीवर पाणी मारून चटईवर पडलेले. आईचे सूप तिथेच, भाजी निवडणे तिथेच, वर्तमानपत्र तिथेच. पुढची खोली पाहुण्यांची वाट पाहत बसली, आणि पाहुणेदेखील पाच मिनिटांनी म्हणत, "मागेच बसू ना!" ज्या खोलीवर पैसा ओतला ती आमची नव्हती आणि जी आमची होती तिच्यावर एक पैही खर्चली नव्हती, हे कळायला तीन उन्हाळे लागले.

त्याच हौसेत आमच्या हातून आणखी एक गोष्ट घडली. ती सांगणे जड जाते. पण ती टाळून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. नव्या स्वयंपाकघरात शोभत नाहीत म्हणून आम्ही आईची पितळी भांडी मोडीत घातली. परात, घागरी, मोठा गंज, सारे तराजूत गेले. आई काही बोलली नाही. तिने फक्त एक गुंड उचलून बाजूला ठेवला.

हे पितळेच्या गावी घडले, हे ध्यानात घ्या. 'भाणा' म्हणजे पितळ, त्यावरून गावाला नाव पडले असे लोक सांगतात. सन ११०० च्या रतनपूरच्या शिलालेखात 'भाणारा' असा उल्लेख आहे. इथल्या भांड्यांनी कितीतरी मुलींचे संसार मांडून दिले. पुढे घरोघर स्टील आले आणि ठोक्यांचा आवाज विरळ होत गेला. त्याबद्दल स्टीलला दोष देण्यात हशील नाही. त्याला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही, आणि घासणारे हात बायकांचेच होते.

उरलेला तो गुंड आम्ही मोठ्या कौतुकाने काचेच्या कपाटात, दिव्याखाली मांडला. तो तिथे अगदी मेल्यासारखा दिसे! एके दिवशी आईने तो काढून सपरीच्या कोपऱ्यात पाणी भरून ठेवला. तिसऱ्या प्रहरी दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली आणि गुंड असा उजळला की आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले. जुन्या घरात कवेलूंचे छप्पर खाली उतरलेले, खिडकी लहान, खोली उन्हाच्या भीतीने अंधारी राखलेली. पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंतीपुढे दारासमोरच्या फळीवर भांडी असत, ती आत येणारा थोडका उजेड धरून ठेवीत. सगळीकडे सारखाच लख्ख दिवा लावला की पितळेला करण्यासारखे काही उरत नाही. वस्तू सुंदर आहे की नाही, याचे उत्तर ती कुठे ठेवली यावरही ठरते, हे आम्हांला आईने न बोलता शिकवले.

यावरून जुने ते सोने असे आम्ही म्हणतो, असा समज करून घेऊ नका. सिमेंटच्या भिंतीला मातीचा रंग फासून तिला खेड्याचे रूप देणारी घरेही आम्ही पाहिली आहेत, तेही चित्रच. वर्ध्याजवळ सेवाग्रामला आपण गेला असाल. गांधीजी १९३६ साली तिथे राहावयास गेले. आज बापू कुटी म्हणून दाखवितात ती मूळची मीराबेनची. माती, बांबू आणि कवेलू यांचे ते घर; आणि त्याच्या भिंतींवर त्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने मातीतच उठावाची ताडाची झाडे आणि चरखा काढलेला आहे. इतक्या साधेपणाचा आग्रह असलेल्या जागेतही तिच्या हाताला भिंत कोरी ठेववली नाही! ही कुटी जशीच्या तशी उचलून आणली तर आपल्याकडे ते सोंग होईल. मात्र आपला हात कशाकडे वळतो, एवढे तिच्यापाशी उभे राहून स्वतःला विचारता येते.

तेव्हा सुताराला बोलावण्यापूर्वी निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा घरात नुसते राहून पाहावे. कोण कुठे बसतो, चहाचा पेला कुठे ठेवला जातो, बदल्यांमागून बदल्या होऊनही कोणती वस्तू दर वेळी सामानात बांधली गेली? सरकारी क्वार्टरात राहणाऱ्यांना हे अधिक नेमके सांगता येईल. तिथे भिंती सगळ्यांच्या एकसारख्या. कापड घ्यायचे तर मोहाडी-आंधळगावचा कोसा एकदा न रंगविलेला पाहावा. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्याचा तो मधासारखा रंग उन्हात फार खुलतो. तो महाग आहे. पडदा परवडला नाही तर उशीचा अभ्रा होईल. आणि नाहीच आवडला तर घेऊ नये. भंडाऱ्याचे आहोत म्हणून आवडलाच पाहिजे असा काही कायदा नाही.

आमच्याकडचा कोच आता गेला. पश्चिमेच्या खिडकीला बुरडाकडून बांबूची ताटी करवून घेतली आहे. मोडीत गेलेली भांडी अर्थातच परत आली नाहीत. सपरीत नातीचे अभ्यासाचे टेबल ठेवायचे ठरले आहे. पण ते गुंडाच्या उजेडात येते, असे आईचे म्हणणे आहे. त्या दोघींचा वाद अद्याप मिटलेला नाही.