खेळाडूचें मन

खेळाडूचा गुडघा दुखावला तर वैद्य धांवून येतात; मन दुखावलें तर मात्र त्याला खंबीर होण्याचा उपदेश मिळतो. हा उपदेश किती अपुरा पडतो, हें ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडम गुड्स यांच्या उदाहरणावरून दिसून येतें.

गुड्स हे तेथील आदिवासी समाजाचे. सिडनी स्वान्स या संघातर्फे ते ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचे ३७२ सामने खेळले. ब्राउनलो पदक त्यांनीं २००३ व २००६ सालीं मिळविलें. २४ मे २०१३ रोजीं मेलबर्नच्या मैदानावर प्रेक्षकांतील एका १३ वर्षांच्या मुलीनें त्यांना 'वानर' म्हणून हिणविलें. दुसऱ्या दिवशीं, मुलीला दोष न देतां तिला सांभाळून घ्यावें, अशी विनंति त्यांनींच लोकांना केली.

या एका शब्दामागें मोठा इतिहास आहे. वसाहतीच्या काळांत आदिवासींना मनुष्यत्वाच्या खालच्या पायरीवर बसविण्यांत आलें. विसाव्या शतकांतहि सरकारी धोरणानुसार त्यांचीं मुलें आईबापांपासून हिरावून नेण्यांत येत. गुड्स यांची आई अशाच मुलांपैकीं एक. ज्याला हें ठाऊक नाहीं त्याला तो शब्द थट्टेचा वाटतो. ज्याच्या घरांत हें घडलें त्याची जुनी जखम त्यानें उघडी पडते.

२०१४ सालीं गुड्स यांना 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला. वंशद्वेषाविरुद्ध ते बोलत राहिले आणि प्रेक्षकांची हुर्योहि वाढत गेली. मे २०१५ मध्यें, आदिवासी खेळाडूंच्या गौरवार्थ राखलेल्या फेरींत, गोल केल्यावर त्यांनीं युद्धनृत्याचे पदन्यास केले; तेव्हांपासून ती अधिकच तीव्र झाली. त्यांची खेळण्याची रीत आवडत नाहीं एवढेंच तिचें कारण, असें पुष्कळांनीं समर्थन केलें. नियामक मंडळ स्पष्ट बोलण्यास कचरलें. जुलैअखेर गुड्स यांनीं रजा घेतली. ते परतले खरे, परंतु त्याच सप्टेंबरांत निवृत्त झाले.

जून २०१९ मध्यें मंडळानें व सर्व १८ संघांनीं त्यांची क्षमा मागितली. वंशद्वेषाला वंशद्वेष म्हणण्यांत आपण चुकलों, हेंहि मंडळानें मान्य केलें. २०२१ सालीं खेळाच्या सन्मानदालनांत देऊं केलेलें स्थान गुड्स यांनीं स्वीकारलें नाहीं.

संघाजवळ मानसोपचारतज्ज्ञ असणें इष्टच आहे. परंतु खेळाडूच्या समाजानें काय सोसलें आहे, हें संघचालकांनीं व प्रेक्षकांनीं जाणून घेतलें नाहीं, तर तज्ज्ञानें बांधलेली पट्टी पुढच्या सामन्यांतच सुटणार.