आठव्या पायरीवरचा आघाडीपटू
(व्याख्यानाचा संपादित भाग)

फुटबॉलपटूची कारकीर्द म्हटली की भरलेली मैदाने आणि कोटींचे करार डोळ्यांसमोर येतात. परंतु या व्यवसायातील बहुसंख्य खेळाडू खालच्या स्तरावरील लीगमध्येच उमेदवारी करतात आणि तेथूनच निवृत्त होतात. त्यांच्या जीवनाचे अर्थकारण समजून घेण्यासाठी इंग्लंडच्या जेमी वार्डीचे उदाहरण उद्बोधक ठरते.

इंग्लंडमधील फुटबॉलची रचना पिरॅमिडसारखी आहे. प्रीमियर लीगमध्ये 20 आणि त्याखालील तीन श्रेणींत मिळून 72 संघ असतात. त्यांच्याही खाली अर्धव्यावसायिक संघांच्या अनेक पायऱ्या आहेत. चांगली कामगिरी करणारा संघ वर चढतो, अपयशी संघ खाली उतरतो.

1987 मध्ये शेफील्ड येथे जन्मलेल्या वार्डीला वयाच्या सोळाव्या वर्षी, शरीरयष्टी लहान असल्याच्या कारणावरून, शेफील्ड वेन्सडे क्लबने वगळले. पुढे तो आठव्या पायरीवरील स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडून खेळू लागला. मानधन आठवड्याला सुमारे 30 पौंड. त्यामुळे दिवसा कारखान्यात वैद्यकीय उपकरणे बनवायची आणि संध्याकाळी सराव करायचा, असा त्याचा क्रम होता. 2010 मध्ये हॅलिफॅक्स टाउन आणि 2011 मध्ये फ्लीटवुड टाउन, असा प्रवास झाला. पाचव्या स्तरावर 2011-12 च्या हंगामात त्याने 31 गोल केले. मे 2012 मध्ये लेस्टर सिटीने त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले. त्या वेळी तो 25 वर्षांचा होता.

येथे आघाडीपटूच्या भूमिकेचे वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. बचावपटूचे कौशल्य जाणण्यासाठी पारखी नजर मैदानावर असावी लागते. गोलांची संख्या मात्र कागदावर नोंदली जाते आणि दूरवर पोहोचते. हीच संख्या त्याची अडचणही ठरते. लेस्टरमधील पहिल्या हंगामात लीग सामन्यांत केवळ चार गोल झाले, तेव्हा खेळ सोडण्याचा विचार वार्डीच्या मनात आला होता. प्रशिक्षकांनी विश्वास कायम ठेवला. 2015 मध्ये त्याने प्रीमियर लीगच्या सलग 11 सामन्यांत गोल करण्याचा विक्रम केला आणि 2015-16 मध्ये लेस्टर विजेता ठरला.

तथापि, वार्डी हा अपवाद आहे. अल्पमुदतीचे करार, दुखापती आणि तिशीनंतरची अनिश्चितता हे खालच्या लीगमधील वास्तव आहे. भारतात रेल्वे, सेनादले यांसारख्या संस्थांनी क्रीडा कोट्यातून नोकरी देऊन या अनिश्चिततेवर काही प्रमाणात उत्तर शोधले. वर चढण्याची शिडी मात्र दीर्घकाळ अपुरी होती. 2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये खालच्या लीगमधून बढती मिळण्याची सोय नव्हती. 2022-23 ची आय-लीग जिंकून पंजाबचा संघ, तर 2023-24 ची जिंकून मोहम्मेडन स्पोर्टिंग वरच्या लीगमध्ये पोहोचले.

सोळाव्या वर्षी नाकारलेल्या खेळाडूला पंचविसाव्या वर्षी पुन्हा पारखले गेले, ते केवळ त्याच्या जिद्दीमुळे नव्हे. मधली नऊ वर्षे खेळता येईल अशा पायऱ्या तेथे अस्तित्वात होत्या. गुणवत्तेचा शोध एका वयात व एका चाचणीत संपू न देणारी व्यवस्था उभारणे, हाच क्रीडाविकासाचा खरा प्रश्न आहे.