गव्हर्नर काढावा की समजून घ्यावा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आमच्या बॅचने शाळेच्या टेक्निकल विभागाला गो-कार्टसाठी एक पेट्रोल इंजिन दिलं. चासी मुलांनी स्वतः पाइप कापून, वेल्डिंग करून उभी केली. गाडी मैदानात फिरायला लागली आणि महिन्याभरात आमच्याकडे मुलांचा अर्ज आला : ‘गाडी हळू पळते, तरी इंजिनाचा गव्हर्नर काढून द्यावा.’ आमच्यातल्या काही मित्रांनी लगेच होकारही देऊन टाकला. माझं आयुष्य इंजिनं खोलण्यात गेलं, म्हणून संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी फक्त या अर्जावर बोलणार आहे.

गव्हर्नर म्हणजे काय, हे इथल्या मोठ्यांनी कानांनी ऐकलेलं आहे. गुऱ्हाळावरचं डिझेल इंजिन आठवा. चरकात उसाची मोळी गेली की इंजिन क्षणभर दबायचं, आवाज जड व्हायचा आणि लगेच ते सावरायचं. ऊस संपला तरी ते सुसाट पळायचं नाही. हे सांभाळायला कुणी माणूस उभा नसायचा. ते काम गव्हर्नर करायचा. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला. पुढे १८६८ साली मॅक्सवेलसारख्या शास्त्रज्ञाने गव्हर्नरच्या गणितावर शोधनिबंध लिहिला. आज ज्याला आपण ऑटोमॅटिक कंट्रोल म्हणतो, त्या घराण्यातला हा आजोबा.

आपलं इंजिन होंडाच्या जीएक्स २०० जातीचं, १९६ सीसीचं आहे. त्याच्या पोटात, ऑइलमध्ये, क्रँकवरून फिरणारा एक छोटा गिअर असतो. त्यावर दोन वजनं बसवलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, एका टोपीला ढकलतात, टोपी एक दांडा फिरवते आणि बाहेरचा लिव्हर थ्रॉटल बंद करायला लागतो. त्याच्या उलट बाजूने एक स्प्रिंग थ्रॉटल उघडायला ओढत असते. वजनं आणि स्प्रिंग यांची ही रस्सीखेच जिथे बरोबरीत सुटते, तो इंजिनाचा वेग.

मुलांनो, इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या गाडीत पेडल दाबल्यावर तुम्ही थ्रॉटल उघडत नाही, तुम्ही ती स्प्रिंग ताणता. म्हणजे ‘इतक्या वेगाने चाल’ असं इंजिनाला सांगता. थ्रॉटल किती उघडायचा, ते गव्हर्नर ठरवतो.

हे इंजिन मुळात शर्यतीसाठी जन्मलेलं नाही. पंप, जनरेटर, फवारणी यंत्र ही त्याची कामं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला साधा जनरेटर मिनिटाला ३,६०० फेरे फिरतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून ३,०००. या इंजिनाची शक्ती ३,६०० फेऱ्यांवर मोजलेली आहे, सुमारे साडेपाच अश्वशक्ती. लोड नसताना ते साधारण ३,८५० च्या आसपास थांबावं, अशी कारखान्याची बांधणी आहे.

गो-कार्टचा जन्मही असाच दुसऱ्याच्या इंजिनावर झाला. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या रेसिंग गाड्या बांधणाऱ्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं छोटं इंजिन लावून पहिली कार्ट केली. तेव्हापासून जगभरच्या पोरांना एकच प्रश्न पडतो : हे इंजिन आणखी जोरात का पळू नये?

त्याचं उत्तर गणितात आहे. या इंजिनाचा स्ट्रोक ५४ मिलिमीटर. ३,६०० फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला ६० वेळा वर जातो, थांबतो आणि खाली येतो. वरच्या टोकाला त्याला परत खेचताना जे त्वरण लागतं, ते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट येतं. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून २०० ग्रॅम धरा. त्या क्षणी कनेक्टिंग रॉडला ते १०० किलोचं पोतं वाटतं. फेरे ५,००० केले की पोतं १९० किलोचं होतं, ६,००० केले की २७५ च्या पुढे जातं. वेग दुप्पट तर ताण चौपट. आणि तो रॉड ॲल्युमिनियमचा ओतीव आहे. बाहेरच्या बीडाच्या फ्लायव्हीललाही हाच वर्गाचा नियम लागू. रॉड तुटला तर इंजिन जातं. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे कुठे जातील, ते कुणाच्या हातात नसतं. आणि कार्टमध्ये फ्लायव्हील चालकाच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर असतं.

टेबलावर ठेवलेलं हे केसिंग बघा. बाजूला मूठभर भोक आहे. काही कॉलेजच्या मुलांनी ते माझ्याकडे आणलं होतं. गव्हर्नर काढलेला होता. पूर्ण पेडल दाबलेलं असताना चेन उतरली. चाकांचं ओझं एका क्षणात गेलं आणि इंजिन मोकाट सुटलं. रॉड तुटून केसिंग फोडून बाहेर आला. सुदैवाने कुणाला लागलं नाही. गव्हर्नर जागेवर असता, तर चेन उतरताच त्याने थ्रॉटल मिटवला असता. सरळ चालताना त्याचं काम दिसत नाही. चेन उतरल्यावर दिसतं.

शर्यतीची मंडळी गव्हर्नर काढतातच, हे खरं आहे. पण ती रॉड आणि फ्लायव्हील शर्यतीच्या प्रतीचे घालतात, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक घालतात, कार्बोरेटर आणि कॅम बदलतात. हे सगळं न करता नुसते फेरे वाढवले, तर हाती फार लागतही नाही. या इंजिनाचा सर्वांत जास्त टॉर्क २,५०० फेऱ्यांनाच मिळतो. त्यापुढे तो उतरत जातो.

मग गाडी पळवायची कशी? आपल्या क्लचला १० दात आणि मागच्या स्प्रॉकेटला ६० दात आहेत, म्हणजे ६ ला १. चाकाचा घेर साधारण ८८ सेंटिमीटर. ३,६०० फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे ३२ किलोमीटर जाते. क्लचवर १२ दात घातले की तीच गाडी, तेवढ्याच फेऱ्यांत, ३८ ला जाईल. उचल थोडी मंद होईल, क्लच थोडा जास्त तापेल. पण इंजिनाला इजा नाही.

दुसरं, गव्हर्नरची मूळ जुळणी तपासायची. माझी खात्री आहे की आपल्या गाडीचा अर्धा मंदपणा तिथे आहे. लिव्हरचा नट ढिला करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि थ्रॉटल उघडताना लिव्हर ज्या दिशेने गेला, त्याच दिशेने दांडा शेवटपर्यंत फिरवून नट आवळा. पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन सारखं वरखाली गुरगुरत असेल, तर स्प्रिंग योग्य भोकात आहे का, सांधे मोकळे हलतात का आणि कार्बोरेटर साफ आहे का, ते बघा. फेरे मात्र टॅकोमीटरने मोजा, कानाने नको.

तिसरं, वेगाआधी ब्रेक. ३८ वर थांबायला ३२ पेक्षा सुमारे ४० टक्के जास्त अंतर लागतं. मैदानाची भिंत तेवढी मागे सरकणार नाही.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे, की अर्ज अर्धा मंजूर करावा. गव्हर्नर राहील. १२ दातांचा क्लच, चेनगार्ड, हाताशी येणारं इंजिन बंद करायचं बटण आणि दोन हेल्मेट यांचा खर्च आमची बॅच करेल. नववी-दहावीच्या ज्या मुलामुलींना जुळणी शिकायची आहे, त्यांनी रविवारी सकाळी आठला शेडमध्ये यावं. पाने मी आणतो. एक जुनं इंजिनही आणतो, ते पूर्ण खोलायचं आणि ती दोन वजनं प्रत्येकाने बोटाने उघडून बघायची. पुढे तुमच्यापैकी कुणी शर्यतीचं इंजिन बांधलं, तर गव्हर्नर जरूर काढा. पण त्याच्या जागी काय काय घालावं लागतं, ते तोवर तुम्हाला पाठ असेल.

या शाळेने आमच्या हातात पहिल्यांदा कानस दिली. त्या हातांनी आजवर घर चाललं. त्या गुरुजनांना वंदन करून थांबतो.