परदेशप्रवासाची परवानगी : हक्क, कागदपत्रे आणि सावधानता

(स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



एक साधा प्रश्न विचारून आरंभ करतो. एखाद्या नागरिकाजवळ वैध पारपत्र आहे, परदेशाचा व्हिसाही आहे. आता त्या देशात पाऊल ठेवण्याचा हक्क त्याला प्राप्त झाला काय? बहुतेक जण ‘होय’ म्हणतील. खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. पारपत्र, व्हिसा, प्रवास-अनुमती आणि उत्प्रवास-परवानगी या चार भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली तर परीक्षेत एक-दोन गुण जातात. प्रत्यक्ष जीवनात मात्र काही तरुणांनी तिची किंमत आपल्या स्वातंत्र्याने मोजली आहे.

पारपत्र : देश सोडण्याचा हक्क

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये भारताच्या राज्यक्षेत्रात मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य आहे. परदेशगमनाचा उल्लेख तेथे नाही. मग हा हक्क आला कोठून? १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवासाचा हक्क अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचे सांगितले. तोवर पारपत्र देणे वा नाकारणे ही शासनाच्या मर्जीची बाब होती. या निर्णयानंतर त्याच वर्षी पारपत्र अधिनियम, १९६७ अस्तित्वात आला.

पुढे १९७७ मध्ये मनेका गांधी यांचे पारपत्र ‘सार्वजनिक हिताचे’ कारण देऊन, परंतु तपशील न सांगता, ताब्यात घेण्यात आले. २५ जानेवारी १९७८ च्या निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले की, व्यक्तिस्वातंत्र्यावर मर्यादा आणणारी कार्यपद्धती कायद्याने घालून दिलेली असणे पुरेसे नाही. ती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. म्हणजे आपण जो निर्णय अनुच्छेद २१ च्या विस्तारासाठी पाठ करतो, त्याच्या मुळाशी एक पारपत्र होते.

लक्षात घ्या, हा हक्क आपल्या राज्यसंस्थेविरुद्ध आहे. तो आपल्याला देशाबाहेर जाऊ देतो. दुसऱ्या देशाचे दार उघडण्याचे सामर्थ्य त्यात नाही. ते दार त्या देशाच्या सार्वभौमत्वाचा भाग आहे.

व्हिसा आणि प्रवास-अनुमती

व्हिसा म्हणजे प्रवेशासाठी विचार होण्याची पूर्वसंमती. अंतिम निर्णय सीमेवरील अधिकारी घेतो. व्हिसाची मुदत आणि वास्तव्याची मुदत याही निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना बहुधा दहा वर्षांसाठी मिळतो. पण एका भेटीत किती दिवस राहायचे हे आगमनाच्या वेळी ठरते. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांचे वास्तव्य नव्हे.

ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसाची सक्ती नसते, त्यांची पूर्वतपासणी करण्यासाठी इलेक्ट्रॉनिक प्रवास-अनुमतीची पद्धत आली. ऑस्ट्रेलियाने ती १९९६ मध्ये सुरू केली. अमेरिकेने २००९ पासून आणि कॅनडाने २०१६ पासून ती व्हिसामुक्त प्रवाशांना लागू केली. भारताने २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांच्या नागरिकांसाठी अशी सोय सुरू केली. तीच पुढे ई-व्हिसा म्हणून विस्तारली. व्हिसाची गरज नसणे म्हणजे कोणत्याही परवानगीची गरज नसणे, असा अर्थ आता काढता येत नाही.

शेंगेन व्यवस्थेचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी झालेल्या कराराची अंमलबजावणी १९९५ मध्ये सुरू झाली. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया व रुमानिया यांच्या भूसीमाही त्यात खुल्या झाल्या आणि २९ देशांचे क्षेत्र पूर्ण झाले. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. स्वित्झर्लंड संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. भारतीयांना येथे व्हिसा लागतो. अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा; मुक्काम सर्वत्र सारखाच असेल तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस वास्तव्य, किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असणारे पारपत्र या ठळक अटी होत.

शेजारी देशांचा न्याय वेगळा आहे. नेपाळ व भूतानला जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही. पारपत्राऐवजी मतदार ओळखपत्रही चालते. नेपाळच्या बाबतीत १९५० च्या मैत्री कराराची पार्श्वभूमी आहे.

तुमची कागदपत्रे विमान कंपनी इतक्या बारकाईने का पाहते, याचेही उत्तर कायद्यात आहे. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी आणल्यास कंपनीला दंड भरावा लागतो. आपल्याकडे हे दायित्व २००० च्या स्वतंत्र अधिनियमात होते. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० या वर्षांच्या चार कायद्यांची जागा आता आप्रवास आणि विदेशी व्यक्ती अधिनियम, २०२५ ने घेतली आहे.

उत्प्रवास-परवानगी : संरक्षणाची भिंत आणि तिच्यातील फट

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अल्पशिक्षित श्रमिकाची परदेशात फसवणूक होऊ नये म्हणून उत्प्रवास अधिनियम, १९८३ करण्यात आला. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर सामान्यतः ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ अशी नोंद असते. अशी व्यक्ती सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया यांसारख्या अधिसूचित देशांत नोकरीसाठी जात असेल तर उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. करार, वेतन आणि मालक यांची तपासणी होते. २००३ पासून प्रवासी भारतीय विमा योजनेचे कवचही आहे. नोंदणीकृत भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये व त्यावरील कर यापेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही.

परंतु ही परवानगी केवळ नोकरीसाठी जाणाऱ्याला लागते. म्हणूनच अवैध एजंट सांगतो, “आधी पर्यटक व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देऊ.” या एका वाक्याने श्रमिक संरक्षणाच्या भिंतीबाहेर पडतो. तेथे काम सुरू करताच तो त्या देशाच्या कायद्याचा भंग करणारा ठरतो. वेतन बुडाले तरी तक्रार करण्यास धजत नाही.

दुसरी फट अधिक अस्वस्थ करणारी आहे. शिक्षण म्हणजेच संरक्षण, असे या रचनेचे गृहीतक. २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालयाने संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांच्या आमिषाबाबत वारंवार इशारे दिले. थायलंडमध्ये काम असल्याचे सांगून तरुणांना म्यानमारमधील म्यावड्डी भागात नेले जाई आणि सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबले जाई. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणावे लागले. संगणक हाताळणारे तरुणच या आमिषाचे लक्ष्य होते. दहावीपुढे शिकलेल्याला उत्प्रवास तपासणी नाही, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाविना प्रवेश देऊ केल्यावर तीही तपासणी उरली नाही. पर्यटकाची सोय झाली, तीच फसवणाऱ्यालाही सोयीची ठरली. याचा अर्थ व्हिसामुक्त प्रवास वाईट असा नाही. नियम सैल झाले की स्वतः चौकशी करण्याची जबाबदारी वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

काय पाहावे?

प्रवासाचा खरा हेतू आणि व्हिसाचा प्रकार जुळतो का, हा पहिला प्रश्न. पारपत्राची मुदत पुरेशी आहे का, हा दुसरा. अनेक देश सहा महिन्यांची वैधता मागतात. विमान बदलण्याच्या ठिकाणी संक्रमण व्हिसा लागतो का, हा तिसरा. नावाकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत आहे. गुणपत्रिका, पारपत्र आणि तिकीट यांवर ती वेगवेगळी उतरते. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पारपत्रावर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा अनेकांना या तपशिलाचे महत्त्व कळले. नोकरीचा प्रस्ताव असेल तर एजंटाची नोंदणी शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळावी. परदेशात अडचण आलीच, तर तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ आणि भारतीय दूतावास आहेतच.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी तहसीलदार होईल, कोणी पोलीस अधिकारी. आपल्या कार्यालयात एखादी माता येईल आणि म्हणेल, “मुलगा परदेशी कामाला गेला, महिनाभर फोन नाही.” त्या वेळी अनुच्छेद २१ वरील टिपण आठवून भागणार नाही. ‘तो कोणत्या व्हिसावर गेला?’ हा पहिला प्रश्न आपल्याला सुचला पाहिजे. आणि शक्य झाल्यास तो प्रश्न, मुलगा गावातून निघण्यापूर्वीच विचारला जाईल, अशी व्यवस्था आपण उभी केली पाहिजे.